दूरस्थ शिक्षणाला वैतागलात? आधी एवढंच करा

पहिल्याच सत्रात ‘इथे कोणी शिकवतच नाही’ असं वाटणं साहजिक आहे. रागाच्या भरात प्रवेश मात्र रद्द करू नका. बहुतेकांचं घोडं रेकॉर्डिंगपाशी पेंड खातं. ‘नंतर बघू’ म्हणत व्याख्यानं साठतात, मग परीक्षेच्या तोंडावर ती दीडपट वेगाने ऐकायची. तो अभ्यास नव्हे, बरं का! ऐकून झालं की वही मिटा आणि आठवेल तेवढं स्वतःच्या शब्दांत लिहा.

- शंका त्याच आठवड्यात विचारा.
- दोन-तीन सहाध्यायी गाठा. मोठ्या ग्रुपवर नुसती कुरकुर चालते.
- तक्रार लेखी करा: विषय, तारीख, नेमकं काय मिळालं नाही. ‘शिकवणं वाईट आहे’ एवढ्यावर कोणी हलत नाही.

अभ्यासक्रम बदलणं वगैरे पुढचं पुढे. आधी पहिला स्वाध्याय वेळेत जमा करा.