आधी उचल विचार

पोरी,

तुझा मेसेज वाचला, घरोघरच्या उत्पन्नाच्या सर्व्हेचे तू भरलेले फॉर्म, त्यांचे फोटोपण झूम करून बघितले. पानभर एकच, मुख्य व्यवसाय शेती, मुख्य व्यवसाय शेती. महिन्याचं उत्पन्न कुठं पाच हजार कुठं सहा, आणि त्याच घराचा खर्च नऊ. वर मला विचारतेस की ताई, लोक खोटं सांगतायत का माझंच काही चुकतंय. लोक खोटं सांगत नाहीयेत गं. तू उचल विचारली नाहीस, म्हणजे ऊसतोडीला जायच्या आधी टोळीच्या मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे, एवढंच झालंय.

धारूर-वडवणीच्या पट्ट्यात ऑगस्टमध्ये सर्व्हे करायचा आणि उचल विचारायची नाही, हे तुझ्यासारख्या बीडच्या पोरीला शोभतं का? ऑगस्टमध्ये माणूस घरी असतो, रानात सोयाबीन उभं असतं, तो शेतीच सांगणार, दुसरं काय सांगेल? दिवाळीनंतर जा, दाराला कुलूप, नाहीतर म्हातारी आणि दोन नातवंडं, बाकी घर कोल्हापूर सांगली नाहीतर पार बेळगावकडं उसाच्या फडात. तेव्हा तुमच्या फॉर्मवर शेरा पडतो, कुटुंब उपलब्ध नाही. म्हणजे पावसाळ्यात सगळे शेतकरी आणि हिवाळ्यात घरच नाही, मग ऊसतोड कामगार कागदावर येणार कधी?

म्हणून म्हणते, उत्पन्न विचारायच्या आधी उचल विचार. कधी घेतली, कितीची, कशाला लागली, मागच्या हंगामाची फिटली का अंगावर राहिली. हे चार प्रश्न झाले की मग तुझा तो छापील फॉर्म उघड, तोवर पिशवीतच ठेव.

तू म्हणशील उचल म्हणजे कर्ज, ते कर्जाच्या रकान्यात लिहिलंय की. इथंच तर घोळ होतो. ती कर्ज पण आहे आणि मजुरी पण आहे. मुकादमाकडून पैसे आधी येतात, त्यातले निम्मे जुन्या देण्यात जातात, बाकीचे लग्नात, दवाखान्यात, बोअरमध्ये, आणि मग पाच महिने घाम गाळून ते फेडायचे. हंगाम चालू असताना हातात नुसती खर्ची मिळते, म्हणजे खाण्यापिण्यापुरते पैसे, तेपण हिशोबात वळते होतात. त्यामुळं त्या माणसाला तू विचारलंस की ऊसतोडीतून किती मिळाले, तर तो प्रामाणिकपणे म्हणतो काहीच नाही, आणि तू तिथं शून्य टाकतेस. आणि काही हुशार लोक उचल कर्जातही धरतात आणि मजुरीतही धरतात, तेव्हा तोच पैसा दोनदा आलेला दिसतो आणि घर कागदावर एकदम सुधारतं.

हिशोब करून बघ. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, टनाला 273 चे 366 झाले. समज एक कोयता, म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून, दिवसाला दोन टन तोडतात आणि आजारपण, पाऊस, खाडे वजा जाऊन 120 दिवस भरतात. झाले 87,840 रुपये. जुन्या दरानं हेच 65,520 होते, म्हणजे वाढ खरीच आहे, मी नाही म्हणत नाही. पण उचल लाखाची असेल तर 12,160 रुपये अंगावर राहिलेच, खर्ची वळती केली की आणखी वाढले, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जाणं आलं. आता सांग, या घराचं महिन्याचं उत्पन्न किती लिहायचं? बारानं भागून मोकळं व्हायचं का?

पाटोद्याकडच्या एका घरात मी असंच उत्पन्न विचारत बसले होते. घरधनी आभाळाकडं बोट दाखवून हसला, त्याचं उत्पन्न यंदा आभाळानंच नेलं होतं. बाईनं मात्र आतून पोराची शाळेची जुनी वही आणली, मागच्या पानापासून लिहिलेली. तारीख, किती टन, खर्ची किती उचलली, सगळं. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात वाढ्याच्या पेंढ्या, दिवसाला किती विकल्या आणि किती आले. वाढं म्हणजे उसाचा शेंडा, हिरवा चारा, तिकडचे गवळी रोज फडावर येऊन नेतात. त्या घरात हंगामभर मीठ-मिरची, चहा-साखर, पोराचं औषध सगळं त्या पेंढ्यांवर चाललं होतं, आणि माझ्या फॉर्ममध्ये पेंढ्यांना जागाच नव्हती. तुझ्यात तरी आहे का? नसणारच, फोटोत दिसली नाही.

तुझ्या साहेबांना आकडेच लागतात ना, मग हा दाखव. 2018-19 चा सरकारचाच सर्व्हे आहे, देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न 10,218 रुपये, त्यात मजुरी-पगाराचे 4,063 आणि पिकाचे 3,798. नाव शेतकरी कुटुंब आणि जास्तीचा पैसा मजुरीचा. देशाची सरासरीच जर असं बोलते, तर तुझ्या फॉर्ममधली घरं निव्वळ शेतीवर चाललीत हे तुला पटलंच कसं?

आणि बायकांच्या रकान्यात तू घरकाम लिहिलंयस. घरकाम! अगं, पूर्ण कोयता एकट्या पुरुषाचा धरतच नाहीत, जोडीचाच धरतात. तो तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते, परत येऊन कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, भाकरी थापते. उचल मात्र नवऱ्याच्या हातात पडते, म्हणून तिची मजुरी कुठंच दिसत नाही. 2019 ला आपल्या जिल्ह्यातल्या गर्भपिशव्यांच्या ऑपरेशनवरून केवढा गाजावाजा झाला, 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. ती ऑपरेशनं कशाच्या पैशावर झाली असतील? उचलीच्या. आणि पाळी-दुखण्याचा खाडा नको म्हणून झाली तीही उचलीपायीच. या बाईला घरकाम लिहिताना हात कसा वळला तुझा? जाऊ दे, रागावत नाही, तुझ्या जागी दुसरी कोणी असती तर मी हे लिहायचे कष्टपण घेतले नसते.

तुला कोणीतरी सांगितलंच असेल की ताई लई हट्टी आहेत, त्यांचं कुणाशी पटत नाही. खरंय. मी जिथं कामाला होते तिथं फॉर्ममध्ये उचलीचा एक रकाना वाढवा म्हणून भांडले. साहेब म्हणाले, सगळ्या जिल्ह्यांना फॉर्म एकच आहे, तुमच्या एका जिल्ह्यासाठी बदलता येत नाही. मी म्हणाले मग माझ्याकडून हा जिल्हा होणार नाही. झालं, मला ऑफिसात डाटा एन्ट्रीला बसवलं, आणि माझ्याबरोबरच्या परमनंट झाल्या, मी तशीच राहिले. भाऊ अजून ऐकवतो, एका रकान्यासाठी पेन्शन घालवली. घालवली खरी, महिन्याच्या शेवटी आठवतं पण. तरी मी परत तेच करीन, कारण तो रिपोर्ट छापून आला तेव्हा त्यात आपला अख्खा पट्टा अल्पभूधारक शेतकऱ्यांचा म्हणून आला आणि खाली शिफारस काय, तर शेळीपालनाचं प्रशिक्षण द्या. शेळीचं वाईट नाही काही. पण पाच महिने घरच बंद असणाऱ्यानं शेळ्या कुणाकडं ठेवायच्या हे कुणी विचारलं नव्हतं.

आता खरं बोलू का? तू उचल विसरली नाहीस. तू ती विचारायचं टाळलंस. तुझ्या घरीही कोयता होता, मला माहितीय, तू शाळेसाठी आजीजवळ राहिलीस तेही माहितीय. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून उचल किती म्हणून विचारताना तुला तुझे बाप दिसतात, आणि मग तू पटकन पुढच्या प्रश्नावर जातेस. जिवाला लागतं, कळतं मला. पण म्हणूनच तू विचारायचंस, पुण्याहून येणाऱ्या पोरीला लोक कर्जाचा आकडा गोल करून सांगतील, तुला खरा सांगतील. तू आपला आकडा आधी सांग, तुमच्या घरी किती असायची, किती वर्षं फिटली नव्हती. मग बघ समोरची बाई कशी बोलायला लागते.

तू दुसरंही लिहिलंयस, की आता पोरं ऊसतोडीला जात नाहीत, चाकणला नाहीतर वाळूजला कंपनीत जातात, कोणी पोलीस भरतीसाठी पहाटे पळतात, ऊस तोडायचं हार्वेस्टर मशीन आलंय, मग हा जुना प्रश्न कशाला. हार्वेस्टर आलंय हे बरोबर, वाढतच जाणार. पण कंपनीत जाणारा पोरगा ठेकेदाराकडूनच जातो ना? त्यालाही विचार की निघताना पैसे कोणाचे घेतले, खोलीचं डिपॉझिट कुणी भरलं, पगारातून काय कापतात. गाडी दारात दिसली की उत्पन्न वाढलं असं लिहू नको, हप्ता किती आणि कोण भरतंय ते विचार. भरतीच्या क्लासची फी बऱ्याच घरांत आईबापाच्या उचलीतूनच गेलेली असते, तेही निघेल.

साहेब म्हणतील वेळ नाही, टार्गेट भरा. तर टार्गेट भर, नोकरी घालवू नको, माझ्यासारखं तुला परवडणार नाही. पण मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं लिही, प्रत्येक घराची उचल, वर्ष, कारण, फिटली की नाही. साहेबांनी नाही वाचलं तरी लिही, आणि त्या बाजूचे फोटो मला पाठव, मी इथं वहीत उतरून घेते.

उद्या ज्या घरांत परत जाशील तिथं सासूला विचारत बसू नको, सुनेला विचार, आणि संध्याकाळी जा, दुपारी ती खुरपायला गेलेली असते. रविवारी फोन कर. फॉर्म समोर घेऊन कर, नुसतं रडायला करू नको.

तुझी ताई