प्राथमिक शिक्षक होण्याआधी संभाव्यता आणि संख्याशास्त्र नीट समजून घ्यायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेला, आहात, दहावीत संभाव्यतेची उदाहरणं सूत्र पाठ करून सोडवली आणि आता वर्गात उभं राहायची भीती वाटते. मी प्राथमिक शाळेत गणित शिकवते. माझं ऐकाल तर पुस्तक नंतर उघडा, आधी दोन चिंचोके आणा.

ते मधोमध फोडा. चार फोडी होतील, एक बाजू सपाट पांढरी, दुसरी फुगीर काळी. पटावर खेळताना आपण हेच टाकतो: चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ. दहावीच्या रीतीने नमुना अवकाशात, म्हणजे सगळ्या शक्य निकालांच्या यादीत, 16 निष्पत्ती, म्हणून चार आणि आठ, दोन्हींची संभाव्यता 1/16. आता शंभर वेळा टाका आणि वहीत ताळ्याच्या खुणा करत जा. चार आणि आठ बहुधा सारखे येणार नाहीत. फोड नाण्यासारखी दोन्हीकडून सपाट नसते; त्या 16 निष्पत्ती समसंभाव्य आहेत, म्हणजे प्रत्येकीची शक्यता सारखीच आहे, हे आपणच गृहीत धरलं होतं. पुस्तकातला ‘समसंभाव्य’ हा शब्द मला खरा कळला तो चिंचोक्यांमुळेच.

मग फासा घ्या. ‘बाई, सहा पडतच नाही’ हे वाक्य तुम्हाला दरवर्षी ऐकू येईल. मुलाला लगेच चूक ठरवू नका. ते सहाची तुलना तीनशी किंवा चारशी करत नसतं, ‘सहा नाही’ याच्याशी करत असतं, आणि ते खरोखरच पाचपट वेळा घडतं. त्यालाच सहाही आकड्यांच्या खुणा वेगवेगळ्या करायला लावा.

स्तंभालेख, चित्रालेख तुम्हाला जमतील, त्यात अडकू नका. सरासरीवर मात्र वेळ द्या. ‘बेरीज भागिले संख्या’ एवढंच येत असेल तर ते अपुरं आहे. पाच मुलांकडे 3, 7, 2, 8 आणि 5 खडे द्या आणि बेरीज न करता सगळ्यांकडे सारखे होईपर्यंत इकडचे तिकडे करायला सांगा. प्रत्येकाकडे 5 उरतात. तेवढ्यात सहावं मूल 11 खडे घेऊन येतं. त्याच्याकडे पाचांच्या वर 6 जास्त आहेत, सहा जणांत एकेक वाटला की सरासरी 6. माझ्या वर्गात हे एका चौथीतल्या मुलीने फळ्याकडे न बघता सांगितलं होतं.