"वरणभात आली" की "आला"?

प्रश्न असा आलाय, की कोल्हापुरात हॉस्टेलला राहायला आलेल्या पुण्याच्या एका ताईंना रूमवरच्या पोरी "ए वरणभात" म्हणून हाक मारतात, ही शिवी समजायची का आणि व्याकरणात याला काय म्हणतात.

व्याकरणाचं सोपं आहे, लक्षणा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याला जोडलेला दुसरा अर्थ घ्यायचा. "बाबा ताटावर बसले" शाळेत शिकलोय की सगळे. पण सगळ्या लक्षणा सारख्या नसतात, हे मला मिसळीच्या हॉटेलात कळलं. सकाळच्या गर्दीत वेटर पोरगा ओरडतो, "तीन नंबरची मिसळ उठली, टेबल पूस!" आता तिथं बसलेला असतो चांगला मिशीवाला गडी, तरी "उठली"च, म्हणजे क्रियापद चालतंय पदार्थाच्या लिंगानं. आणि तुमच्या रूमवर? "वरणभात आला" कोण म्हणत नसणार, "वरणभात आली" म्हणत असतील. भात पुल्लिंगी, तरी क्रियापद तुमच्याप्रमाणं, म्हणजे ते आता तुमचं नाव झालं. मिसळ खाणारा तो गडी बिल देऊन सुटतो, तुम्ही तांबडा रस्सा वाटीनं ओरपलात तरी वरणभातच. आणि आपल्याकडं यात जातीचा वास असतो, ते झाकण्यात अर्थ नाही.

बाहेर पण हेच. इंग्रज खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून लिंबाचा रस द्यायचे, त्यावरनं ते "लायमी", जर्मन आंबवलेल्या कोबीवरनं "क्राउट". इथपर्यंत हसू येतं. अमेरिकेतल्या कलिंगडाचं मात्र येत नाही. 1865 ला गुलामगिरी उठल्यावर सुटलेले कृष्णवर्णीय लोक कलिंगडं पिकवून विकायला लागले, चार पैसे स्वतःचे म्हणून हातात यायला लागले, आणि गोऱ्यांनी नेमकं तेच फळ धरून त्यांची टिंगल केली, पोस्टकार्डावर चित्रं काय नि काय. उन्हाळ्यात कलिंगड कुणाला आवडत नाही हो?

मी पण भोगतोय म्हणा. बाहेरगावी "कोल्हापूरचे ना?" म्हणून न विचारता ताटात ठेचा, आणि मला ॲसिडिटी. पांढऱ्या रश्शात लाल तिखट नसतं हे कुणाला पटतच नाही, आणि ती "व्हेज कोल्हापुरी" मी इथं कुणाच्या घरात खाल्लेली नाही.

तर शिवी का? आजारी पडलात, मेसला उशीर झाला, अशा वेळी त्या पोरी काय हाक मारतात बघा. नाव घेतलं तर चेष्टा होती. तेव्हा पण वरणभातच असेल, तर शिवी समजा आणि तोंडावर सांगा.