निवृत्तीनंतर घरी बसून छोटे आनंद कसे शोधायचे? माझं उत्तर: तूप कढवा

तुम्ही विचारलंय की निवृत्तीनंतर दिवसभर घरीच असतो, रोज तेच ते, त्यात छोटे छोटे आनंद कसे शोधायचे. ध्यान करा, झाडं लावा, रोज वहीत चांगल्या गोष्टी लिहून काढा, हे कुणीही सांगेल. मला वहीबिही जमत नाही. मी तूप कढवतो.

आमच्याकडे म्हशीचं दूध येतं. तापवून, निववून रात्री फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी वर जाड साय धरलेली असते. सुरीने कडेकडेने सोडवून अख्खी चकती उचलायची आणि विरजणाच्या डब्यात सोडायची. डबा भरला की तो माझा. बायकोने हे काम मला दिलेलं नाही, मी बळकावलंय. तेही रवीने. मिक्सरमध्ये लोणी लवकर येतं हे मला ठाऊक आहे, पण लवकर आटपून मला जायचंय कुठे?

मे महिन्यात नुसता फेस होतो, तेव्हा बर्फाचं पाणी घालायचं. थंडीत उलट, कोमट पाण्याचा हबका. आधी हाताला जड लागणारी रवी एकदम हलकी होते आणि कडेने रवाळ कण दिसायला लागतात. ताक पातळ होऊन डचमळतं, वर गोळा तरंगतो. तो दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्यायचा.

खरी मजा पुढे. गॅस बारीक. सुरुवातीला तडतड चालते, ते लोण्यातलं पाणी. ते उडेपर्यंत तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकलेलं असतं, त्यामुळे खुशाल पेपर वाचा. आवाज बसला की पेपर खाली ठेवायचा, कारण आता तूप भराभर तापतं. बारीक फेस येतो, तळाशी बेरी बदामी होते, जिन्यापर्यंत वास जातो. इथेच गॅस बंद. लाल होण्याची वाट बघाल तर पातेल्याच्या उष्णतेनेच ती काळी पडेल. विड्याचं पान घरात असेल तर टाका, आमची आई टाकायची.

आमचे थोरले मेहुणे एकदा भर पंगतीत म्हणाले, "गॅस, वेळ आणि तुमची मजुरी धरली तर विकतचं तूप स्वस्त पडतं. रिकामटेकड्याचे उद्योग." वरणभातावर त्याच तुपाची धार दोनदा घेऊन म्हणाले, हे विशेष. जन्म हिशोबखात्यात गेलाय त्यांचा. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश, म्हणजे लिटरमागे ढोबळमानाने ६० ग्रॅम. सगळा काही साईत येत नाही, मान्य. पण खालचं दूध चहाला लागतं, दह्याला लागतं. दुधाचे सगळे पैसे तुपाच्या नावावर टाकायचे हा कुठला हिशोब? आणि मजुरी मी कुणाला देणार होतो?

हां, पिशवीतलं टोन्ड दूध घेत असाल तर त्यात स्निग्धांश ३ टक्केच, आणि होमोजिनाइज्ड, म्हणजे स्निग्धांशाचे कण बारीक फोडून दुधातच मिसळलेलं, असेल तर साय नीट धरतही नाही. तुपाच्या नादी लागू नका. डॉक्टरांनी तूप तोडलं असेल तर ऐका त्यांचं. घरात दोन लहान पोरं सांभाळणाऱ्या बाईने तर माझं काहीच ऐकू नये, तिला आधी झोप हवी. तुम्ही तूप नाही तर रेडिओ लावा. विविध भारती १९५७ पासून चालू आहे, रात्री दहाला छायागीत ऐका. टीव्हीवरच्या चर्चा मात्र बंद करा, त्याने आनंद सोडा, जेवणही जात नाही.

बेरीचं राहिलंच. तूप गाळलं की गाळणीत उरते ती गरम असतानाच पिठीसाखर घालून खायची. नात घरी असली की अर्धी तिला द्यावी लागते, आणि ती मोजून घेते. दुकानातल्या बरणीत बेरी येत नाही, मेहुणेबुवा. तुमच्या हिशोबात ती कुठे धरली होती?