अडीच महिने खाटेवर

प्रश्न : माझे यजमान (वय ४३) शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. कास्टिंग उचलताना कंबर धरली. एमआरआयमध्ये ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’ आलं. तेव्हापासून अडीच महिने ते खाटेवरच आहेत. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) आजारपणाच्या पगाराचे ९१ दिवस संपत आलेत. शेजारी म्हणतात, मणका गेला, आता अपंगत्वाचा दाखला काढा. काढावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, दाखल्याचं मागाहून बघू. मला आधी त्या खाटेची काळजी वाटते.

१९८८ साली माझ्या वडिलांची कंबर अशीच धरली होती. अंथरुणाखाली फळी, पायाला दोरी, दोरीला दोन विटा. सहा आठवडे! विटा खाटेवर आपटू नयेत म्हणून आईने त्यांना जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला होता. बाबा उठले तेव्हा पायांच्या काड्या झाल्या होत्या. दुखणं गेलं, धास्ती राहिली. पुढे कित्येक वर्षं खाली पडलेली किल्ली ते पायाच्या बोटांनी उचलायचे. वाकायचे म्हणून नाहीत. डॉक्टरांना दोष देत नाही, तेव्हाची रीतच ती. १९९५ साली हेलसिंकीत पालिकेच्या कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की नुकती कंबर धरलेल्यांत झेपेल तितकी रोजची कामं करत राहिलेले लवकर सुधारले. दोनच दिवस झोपून राहिलेले मात्र सगळ्यांच्या मागे. तुमच्याकडे तर अडीच महिने झाले.

आता तो ‘बल्ज’, म्हणजे कंबरेच्या दोन मणक्यांमधल्या चकतीला आलेला फुगवटा. चाळिशीतल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले, तरी जवळपास निम्म्यांत तो दिसतो. केस पिकावेत तसंच ते. शेजाऱ्यांचाही काढून बघा!

जगात माणसाला सर्वांत जास्त वर्षं अधू करून ठेवणारं दुखणं कंबरेचंच. २०२० साली ६१.९ कोटी लोकांना ते होतं. यात लोकसंख्या आणि म्हातारपण यांचा वाटा मोठा. वयाचा हिशेब धरला तर १९९०पासून प्रमाण थोडं उतरलंच आहे. ब्रिटनमध्ये मात्र विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कंबरदुखीच्या रजा आणि भत्ते काही पटींनी वाढले. मणके तेच होते. वाढलं ते झोपवून ठेवणं आणि घाबरवणं, असं माझं मत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९७पासून टीव्हीवर ‘हालतं राहा, कामावर जा’ असा प्रचार केला, तर कंबरेच्या भरपाईचे दावे सुमारे १५ टक्क्यांनी घटले.

दाखल्याचे बहुतेक लाभ ४० टक्के अपंगत्वापासून पुढे. नुसत्या बल्जच्या रिपोर्टवर तिथवर पोचणं अवघड. ज्या आजारांना ईएसआय ९१ दिवसांनंतरही पगार देते, त्या यादीत मणक्याची चकती सरकणं आहे, पण यजमानांचं त्यात बसतं का, ते तिथले डॉक्टर तपासून ठरवतील. ९१ दिवस भरण्याआधी जाऊन या.

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पाऊल लोंबायला लागलं, तर तासाभरात हॉस्पिटल गाठा. तिथे माझा सल्ला बाजूला.

असं काही नसेल, तर जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. फोरमनला भेटून महिना-दीड महिना कास्टिंग तपासणीच्या टेबलावर बसवता येईल का, विचारा. मधेमधे उठून चालायची मुभाही मागा. उद्या सकाळी दुधाला यजमानांनाच पाठवा. पिशवी त्यांच्याच हातात द्या, आणि तुम्ही मागून जाऊ नका.