पहिल्या जकातीबद्दल तुला

अस्सलामु अलैकुम बेटा,

तुझा मेसेज वाचून खूप बरं वाटलं. नोकरीला लागून वर्ष होतंय आणि पगारावर जकात किती बसते हे तू स्वतःहून विचारलंस. बघ, जकात म्हणजे दरवर्षी गरजूंना द्यायचा बंधनकारक हिस्सा, तो पगारावर नसतो, खर्च भागवून जे शिल्लक राहतं ते निसाबच्या, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेच्या, वर गेलं आणि त्यावर चांद्र वर्ष उलटलं की त्याच्यावर अडीच टक्के. दोन लाख शिल्लक असतील तर 5,000. निसाब म्हणजे साडेसात तोळे सोनं नाहीतर साडेबावन्न तोळे चांदी, रोख पैशाला आपल्याकडचे बरेच उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, चांदीचाच भाव लावतात कारण त्यात गरिबाचा फायदा जास्त. एक तारीख ठरव, रमजानची पहिली म्हण, आणि दरवर्षी त्याच दिवशी वही काढून बस. अंदाजाने देऊ नकोस. दागिन्यांचं मात्र आपल्या मौलानांना विचार, अंगावर घालायच्या दागिन्यांवर शाफई पंथात जकात नाही, हनफी पंथात आहे.

हिशोब तसा सोपा आहे रे, द्यायचं कसं ते अवघड. मी सातवीत असताना वह्यावाटप होतं, आम्हाला ओळीने स्टेजवर उभं केलं आणि फोटो नीट आला नाही म्हणून तीच वही माझ्या हातातून काढून परत दिली. वही कधीच संपली पण ती मान खाली घालून उभं राहणं अजून जात नाही मनातून. कुरआनात सूरह बकरा या अध्यायात साफ सांगितलंय की उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपला सदका, म्हणजे दानधर्म, वाया घालवू नका. आणि जकात तर उपकार नाहीच, तुझ्या पैशात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क आहे, म्हणजे तू त्याचंच त्याला पोचवतोयस. मग फोटो कशाला, स्टेटस कशाला?

त्याच सूरहमध्ये अशा लोकांचाही उल्लेख आहे जे मागत नाहीत, आणि ज्याला माहीत नाही त्याला ते खाऊनपिऊन सुखी वाटतात. असे लोक तुला मशिदीच्या दारात दिसणार नाहीत, ते शोधावे लागतात. किराणावाल्याकडे कोणाची उधारी थकलीय, कोणाच्या पोराची फी राहिलीय, कर्जात बुडालेला माणूस पण जकातीच्या आठ हकदारांत येतो हे बऱ्याच जणांच्या ध्यानातच नसतं. आईवडलांना जकात चालत नाही, त्यांचा खर्च तसाही तुझ्यावरच, पण गरजू मावशी, चुलती, मामेभाऊ यांना चालते आणि त्यात सदक्याचं सवाब, म्हणजे पुण्य, वेगळं, नातं जपल्याचं वेगळं. देताना ही जकात आहे असं तोंडाने सांगायची गरज नाही, नियत मनात असली की झालं, मुलांना ईदी म्हणून पाकीट दे आणि निघ.

फित्रा, म्हणजे रमजान ईदला माणशी द्यायचं दान, वेगळा हं, तो जकातीत धरू नकोस. आपल्या कोकणात तांदूळच देतात, माणशी एक साअ, म्हणजे साधारण अडीच ते तीन किलो, आणि तो ईदच्या नमाजच्या आधी पोचला पाहिजे म्हणजे त्यांच्याही घरात सकाळी चूल पेटेल. तुमच्याकडे आता पाच माणसं, भाभीच्या बाळाचाही धर.

आईला सलाम सांग.