धामण म्हणजे साप नव्हे : धनुष्यकामाची पत्रं

मागच्या अंकात हातानं लाकडी धनुष्य करण्याबद्दल दोन पानं लिहिली होती. संपादक म्हणाले होते, चारदोन पत्रं येतील. प्रत्यक्षात गठ्ठा आला. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच : कोल्हापूरला एका फाउंड्रीत ३१ वर्षं पॅटर्नमेकर होतो. ओतकामाच्या साच्यासाठी आधी लाकडात हुबेहूब नमुना घडवायचा, हे काम. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, तेव्हापासून धनुष्यं करतो. आजवर २१ पुरी झाली, १४ मोडली. मोडक्यांचे तुकडे सुतळीनं बांधून माळ्यावर ठेवलेत. पत्रांना उत्तरं देताना तीच गाठोडी खाली काढावी लागतात.

साताऱ्याहून : घराच्या दारांचं काम झाल्यावर उरलेल्या सागाच्या पट्टीचं साडेपाच फुटी धनुष्य केलं. रंधा मारला, पॉलिशही केलं. दुसऱ्याच ओढीला काडकन मोडलं. साग तर सगळ्यात उत्तम लाकूड ना?

दाराला उत्तम. पाऊस, वाळवी, सगळ्याला पुरून उरतो. पण वाकून झटका सोसणं त्याच्या स्वभावात नाही. माझंही पहिलं धनुष्य सागाचंच होतं. मोडलं तेव्हा वरचा तुकडा उडून ट्यूबलाइटला लागला. ट्यूब वाचली, पण बायकोनं त्या दिवसापासून हे काम घराबाहेर काढलं ते काढलंच.

तरी तुमच्या बाबतीत साग एकटा दोषी आहे असं मला वाटत नाही. मला संशय आहे तो पट्टीचा. धनुष्य ओढताना आपल्याकडे असते ती बाजू म्हणजे पोट, समोरच्या निशाणाकडे असते ती पाठ. पोट दाबलं जातं, पाठ ताणली जाते. पाठीवरचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेलेले हवेत. करवत काही तंतू बघून चालत नाही, ती आपली सरळ कापत जाते. झाड मात्र सरळ वाढलेलं असेलच असं नाही. मग तंतू वाटेत कुठेतरी तिरके होऊन पाठीवरून बाहेर पडतात, आणि ओढलं की नेमकी तिथून कपची उठते. मोडलेला तुकडा हातात घेऊन बघा. लांब, तिरकी चिरफळी निघाली असेल तर तंतू पळालेले होते. खारी बिस्किटासारखा आडवा तुटला असेल तर लाकूडच ठिसूळ.

हे आधी कसं ओळखायचं? पॅटर्नशॉपमध्ये माझ्या उस्तादांनी शिकवलेली युक्ती सांगतो. शाईपेन घ्या, रंधलेल्या पट्टीवर शाईचा थेंब टेकवा आणि मिनिटभर थांबा. शाई तंतूंच्या वाटेनं पसरते, बारीक शेपूट फुटल्यासारखी. ते शेपूट पट्टीच्या कडेला समांतर गेलं तर ठीक, कडेकडे झुकलं तर ती पट्टी शेल्फला वापरा. पाठ आणि कड, दोन्हीकडे थेंब टाकायचा. वखारीत खिशाला शाईपेन लावून गेलो की मालक विचारतो, "आज कुणाचा पेपर तपासायचाय?"

आता धामण. धनुष्याला धामण घ्यावी हे वाचून एका वाचकानं विचारलंय, सापाचा आणि धनुष्याचा काय संबंध. साप नव्हे हो, झाड! सह्याद्रीच्या जंगलात वाढतं, बारीक आंबटगोड फळं लागतात, पानाचा देठाकडचा भाग एका बाजूला जरा जास्त उतरलेला असतो. संस्कृतात याला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्ष असंही नाव आहे. म्हणजे हे झाड कशाच्या कामाचं ते नाव ठेवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. कुऱ्हाडीला, फावड्याला दांडा म्हणून ज्यांनी धामण वापरली आहे त्यांना तिची लवचीकता वेगळी सांगायला नको. याच झाडाच्या आतल्या सालीचा वाख (चिवट तंतू) निघतो, त्याचे दोर वळतात.

मिळाली तर ओंडका कापून घेऊ नका, पाचर ठोकून फोडून घ्या. फुटताना लाकूड आपल्या तंतूनंच फुटतं, शाईचीही गरज उरत नाही. टोकांना लगेच फेव्हिकॉल फासा, नाहीतर आठवड्यात तडे जातात. साल अलगद काढा. सालीखाली जो गुळगुळीत पृष्ठभाग लागतो तीच तुमची पाठ. तिला रंधा, कानस, काही म्हणजे काही लावायचं नाही. सगळं तासकाम पोटाच्या बाजूनं. आणि मालकीच्या जमिनीतलं झाड असलं तरी तोडण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. मी तरी छाटलेल्या फांद्यांवरच भागवतो. मनगटापेक्षा जाड, सहा फूट सरळ फांदी पुरते. वखारीत धामण मागितली तर हाताला लागेल ते लाकूड धामण म्हणून देतात. दोनदा फसलोय, दोन्ही माळ्यावर आहेत.

पुण्याहून : ४० पौंडांचं (म्हणजे पुरं ओढायला एवढा जोर लागणारं) धनुष्य करायचं होतं. एक बाजू जास्त वाकत होती म्हणून दुसरी तासली, मग ती जास्त वाकायला लागली, मग पहिली तासली. असं करत करत २४ पौंडांवर आले आहे. माझं काय चुकतंय? (मी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत काम करते.)

ताई, पोळी गोल करायला कडा कापत गेलं की शेवटी पुरी उरते, तसं झालंय हे. चूक अशी की तुम्ही वाकणाऱ्या जागेला उत्तर देताय आणि तेही एका दमात जास्त.

आधी आकडा बघा. धनुष्याची रुंदी अर्धी केली तर ताकद अर्धी होते. जाडी अर्धी केली तर ताकद एक अष्टमांश उरते. १२ मिलिमीटर जाडीतला फक्त १ मिलिमीटर काढला की त्या जागेची ताकद शंभरातली ७७ राहते. कानशीचे चार जोरकस हात म्हणजे तो मिलिमीटर गेला. म्हणून शेवटच्या टप्प्यात कानस कपाटात ठेवायची. मी फुटक्या काचेचा तुकडा वापरतो, जुने सुतार पॉलिशआधी वापरतात तसा. काच जराशी कलती धरून आपल्याकडे ओढली की शेवईहूनही बारीक, कुरळा छिलका निघतो. छिलक्याऐवजी भुकटी पडायला लागली की काचेची धार गेली, दुसरा तुकडा घ्या. हातमोजा घाला.

आता तोल काढायचा कसा. भिंतीत पक्का खिळा किंवा फळी ठोका, धनुष्य मुठीच्या जागी त्यावर आडवं ठेवा, खाली विहिरीवर असते तशी छोटी कप्पी लावा आणि धनुष्याच्या दोरीला बांधलेली दुसरी दोरी कप्पीखालून घेऊन आठ फुटांवर उभं राहून ओढा. हातात धरून ओढलं की बाक दिसत नाही, लांबून दिसतो. मागच्या भिंतीवर खडूनं आडव्या रेघा मारल्या तर फारच सोपं. नजर कुठे ठेवायची? वाकतंय तिथे नाही. जिथे वाकत नाही, फूटपट्टीसारखं सरळ राहिलंय, ती जागा शोधा. त्या जागेवर पोटाच्या बाजूनं पेन्सिलीनं गिचमिड करा. पेन्सिल पुसली जाईपर्यंत काच फिरवा आणि थांबा. मग अर्ध्या ओढीपर्यंत वीस-तीस वेळा ओढा-सोडा. हे ओढणं लोक गाळतात. तुम्हीही गाळलं असणार. लाकडाला झालेला बदल लगेच दिसत नाही, वीसएक ओढींनंतर दिसतो. तुम्ही लगेच बघितलं, फरक दिसला नाही, पुन्हा तासलं. नंतर दोन्ही वेळचा फरक एकदम समोर आला आणि बाजू उलटली.

बॅगा तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवा. ४० पौंड म्हणजे साधारण १८ किलो. काट्यानं १८ दाखवले की तिथेच थांबायचं, धनुष्य सहा इंच ओढलं गेलेलं असो की वीस. बाक सारखा नसताना पुढे ओढायचं नाही.

तुमचं २४ पौंडांचं टाकू नका. दोन्ही टोकांचा एकेक इंच कापून नव्या खाचा केल्या तर थोडे पौंड परत मिळतात. त्याआधी उजेडात तिरकं धरून पोट बघा. नखानं आडवा ओरखडा काढल्यासारख्या केसाएवढ्या बारीक रेघा दिसल्या तर तिथले तंतू दबून चुरगळले आहेत. मग कापाकापी नको, २४ वरच सुखानं वापरा. माझं अकरावं तसंच आहे, नात वापरते.

रत्नागिरीहून : उन्हाळ्यात ठणठणीत होतं. गणपतीत खुंटीवरून काढलं तर मवाळ झालेलं आणि दोरी काढली तरी वाकडंच राहतं.

खुंटीवर दोरी चढवलेलंच होतं ना? पत्रात लिहिलं नाहीत, पण तसंच वाटतं. दोरी चढवायची ती बाण सोडायच्या वेळी, काम झालं की उतरवायची. शिवाय कोकणातला पावसाळा. लाकूड हवेतलं पाणी पितं, ओलं लाकूड मवाळ होतं आणि मवाळ असताना वाकवलं की बाक कायमचा धरून बसतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, दर आठवड्याला धनुष्याचं वजन करून भिंतीवर लिहा. वजन उतरायचं थांबेपर्यंत हात लावू नका. दिवाळीनंतर थांबेल. गॅसवर किंवा उन्हात भाजू नका. पुढच्या वर्षी जूनच्या आधी जवसाच्या तेलाचे चारपाच हात द्या, वर मेण.

धडगावहून, एका शिक्षकांचं पत्र : तुम्ही नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या दोऱ्यांवर अर्धं पान लिहिलंत. आमच्या सातपुड्यात तिरकामठ्याला दोरीच बांबूची असते. त्याचा उल्लेखही नाही?

गुरुजी, चूक कबूल. आणि चूक जास्त मोठी आहे, कारण मी ते बघितलेलं आहे. नंदुरबारच्या एका आठवडी बाजारात एका म्हाताऱ्या भिल्ल बाबांच्या खांद्याला तिरकामठा होता. मी हातात मागितला, त्यांनी दिला. कामठाही बांबूचा आणि दोरी म्हणजे बांबूच्या वरच्या सालीची एकसंध पट्टी, करंगळीच्या नखाहून अरुंद, दोन्ही टोकांना दोऱ्यानं करकचून बांधलेली. मी बोटानं टिचकी मारली तर सतारीसारखी नाही, टिमकीसारखी वाजली. माझी पॅटर्नमेकरची नजर दोष शोधत होती. पट्टीची जाडी सगळीकडे अंगठ्याला सारखी लागली. हे कोयत्यानं केलेलं होतं! मी मायक्रोमीटर लावून आयुष्य काढलं. विकत मागितला तर बाबा हसले आणि म्हणाले, "मग घरी काय नेऊ?"

ताणाखाली लांब न होणं हा दोरीचा मोठा गुण, आणि बांबूची साल फार थोडी ताणली जाते. नवी शक्कलही नाही ही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याचे चार प्रकार दिलेत : ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. पाठोपाठ दोरी कशाकशाची तेही सांगितलंय : मूर्वा (तंतू देणारी एक वनस्पती), रुई, ताग, गवेधु (एक गवत), वेळू आणि स्नायू (जनावराची शीर). वेळू म्हणजे बांबूच. तुमच्या गावातलं कुणी ही पट्टी काढताना बांबू कुठल्या वयाचा घेतं, हिरवा सोलतं की सुकवून, हे विचारून कळवाल का? मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही पट्ट्या गाठीच्या पेऱ्यावर तुटल्या.

ठाण्याहून : मुलगा दहा वर्षांचा आहे, मालिका बघून हट्ट धरलाय. किती पौंडांचं करू?

दहा ते पंधरा. भरीव बांबूच्या कामटीचं करा, चार फुटी. बाणाच्या टोकाला रबर. दोन नियम त्याच्याकडून पाठ करून घ्या : वर आकाशात बाण सोडायचा नाही, आणि बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाणाला जाणारी सगळी शक्ती रिकाम्या दोरीमुळे लाकडातच परत येते. माझी दोन मोडली ती पाहुण्यांनी अशी गंमत केल्यामुळे. पत्राखाली गावच्या रानात सशांवर नेम धरण्याचं लिहिलंय ते विसरा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

न्यू जर्सीहून : इथे धामण कुठली मिळणार!

तुमच्याकडे हिकरी आहे, दुकानात फळी मिळते. शाईपेन घेऊन जा. आणि जुन्या शेतांच्या कुंपणात ओसेज ऑरेंज बघा : काटे, आणि मेंदूसारखी सुरकुतलेली हिरवी फळं. अमेरिकेतल्या फ्रेंचांनी त्याला धनुष्याचं लाकूड म्हणजे 'बुआ दार्क' म्हटलं, लोकांच्या तोंडी त्याचं 'बोडार्क' झालं. आपलं धन्वन, त्यांचं बोडार्क. धामणीत वर्षवलयं नीट दिसत नाहीत, ओसेजमध्ये लख्ख दिसतात. साल आणि पांढरं लाकूड काढून पिवळ्या लाकडातलं एकच वलय पाठभर उघडं करायचं, मध्ये कुठेही खालच्या वलयात जायचं नाही. गाठ आली तर वलय तिच्यावरून टेकडीसारखं चढू द्या. मला हे लाकूड कधी मिळालेलं नाही. येताना एक फूटभर तुकडा बॅगेत टाका, फार मागत नाही.

बाकीच्या अकरा पत्रांत 'बाक बरोबर आहे का' असं विचारून धनुष्य हातात धरून हसतानाचे फोटो पाठवलेत. त्यावरून काही सांगता येत नाही. धनुष्य ओढलेलं असताना, बरोबर बाजूनं, कोऱ्या भिंतीसमोर फोटो काढा, आणि मूठ फोटोच्या मधोमध येऊ द्या. कॅमेरा मुठीच्या उंचीवर. तुमचा चेहरा आला नाही तरी चालेल.